डिजिटल डिझाइन आणि व्हिडिओचं काम शिकताना: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारी आमच्या डीटीपीच्या दुकानाच्या माळ्यावर वर्ग भरतो. कॉलेजची मुलं येतात, फ्लेक्सच्या दुकानात कामाला असलेले येतात, आणि बचतगटाच्या मसाल्याचं पाकीट स्वतःच करायचं ठरवलेल्या दोन काकूही येतात. आठवडाभर त्यांचे फोनवर निरोप सुरू असतात. तेच तेच प्रश्न पाचव्यांदा आल्यावर ते इथे एकत्र लिहून ठेवले. एका उत्तरात दुसऱ्याचा आधार लागतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. मला चित्र काढता येत नाही. तरी हे काम जमेल का?

जमेल. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांचा हात बसलेला असतो, त्याचा फायदा होतो, पण पोस्टर बिघडतं ते सहसा चित्रामुळे नाही. एकाच कागदावर नऊ गोष्टी सारख्याच जोरात ओरडत असतात, म्हणून बिघडतं. लांबून आधी काय वाचलं जावं, मग काय, आणि काय वाचलं नाही तरी चालेल, हे तीन थर पेन्सिलीने लिहून काढता आले तर निम्मं काम झालं. वर्गात पहिल्या दिवशी संगणक बंदच असतो. जुनी लग्नपत्रिका घ्यायची आणि कात्रीने तिचे तुकडे करून पुन्हा मांडायचे.

२. फोटोशॉप, कोरल की कॅनव्हा? आधी काय शिकू?

फ्लेक्स आणि छपाईच्या दुकानात नोकरी हवी असेल तर कोरलड्रॉ. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत तेच चालतं. स्वतःच्या धंद्याच्या पोस्ट करायच्या असतील तर कॅनव्हा पुरेल. पैसे घालवायचे नसतील तर फोटोसाठी गिम्प, रेषांच्या कामासाठी इंकस्केप, आवाजासाठी ऑडॅसिटी, व्हिडिओसाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, सगळी फुकट आहेत. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीही चांगली आहे, फक्त तिला दमदार संगणक लागतो.

खरा फरक सॉफ्टवेअरच्या नावात नसून पिक्सेल आणि व्हेक्टर या दोन पद्धतींत आहे. फोटो हा ठिपक्यांचा बनलेला असतो, ताणला की फाटतो. व्हेक्टर म्हणजे रेषांचं गणित, ते बिल्ल्यावर आणि होर्डिंगवर सारखंच धारदार दिसतं. फोटोशॉप मुख्यतः ठिपक्यांवर चालतं, म्हणून लोगो त्यात करू नका. एवढं कळलं की एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जायला आठवडा पुरतो.

३. मोबाइलवर सगळं शिकता येईल का?

रील कापणं, आवाज टाकणं, साधी पोस्ट, इथपर्यंत नक्की. छपाईची फाइल मोबाइलवर करू नये असं माझं मत आहे. जुना लॅपटॉप घेणार असाल तर प्रोसेसरच्या नावाकडे बघण्याआधी एसएसडी आहे का आणि रॅम १६ जीबीपर्यंत वाढवता येते का ते विचारा.

४. फाइल कोणत्या मापाची करायची?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला: ही फाइल शेवटी जाणार कुठे? ते ठरल्याशिवाय नवीन फाइल उघडायचीच नाही.

फोनवरच्या स्टेटससाठी आणि रीलसाठी १०८० × १९२० पिक्सेल. इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टसाठी १०८० × १३५०. यूट्यूबच्या थंबनेलसाठी १२८० × ७२०. ए-फोर पत्रक छापायचं तर २१० × २९७ मिलिमीटर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. शिवाय चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा कड, कारण कटिंगचं पातं केसभर इकडेतिकडे जातं आणि कडेला पांढरी फट दिसते.

फ्लेक्सचा हिशेब वेगळा. कुणीतरी '३०० डीपीआय म्हणजे क्वालिटी' असं सांगितलेलं असतं. मग १० × ८ फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयवर उघडला जातो, ३६,००० × २८,८०० पिक्सेल, म्हणजे शंभर कोटींहून जास्त ठिपके. लॅपटॉप तिथेच मान टाकतो. तो फ्लेक्स लोक रस्त्यापलीकडून बघणार. त्याला ७२ डीपीआय, म्हणजे ८६४० × ६९१२, पुरेसं आहे. हातात धरून वाचायच्या कागदाला ३०० लागतात, कारण डोळा वीतभर अंतरावर असतो.

फोनच्या १२ मेगापिक्सेल फोटोत साधारण ४००० × ३००० ठिपके असतात. ३०० डीपीआयवर तो तेरा इंच रुंद छापता येतो. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आला की त्याचे ठिपके कमी झालेले असतात. गिऱ्हाइकाला सांगा, 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा.' हे एक वाक्य शिकवल्यापासून माझे निम्मे वाद मिटले.

५. पडद्यावर भगवा झळाळतो, छापून आला की विटकरी का दिसतो?

पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. कागदावर सायन, मॅजेंटा, यलो आणि काळी अशा चार शाया बसतात. प्रकाशाची झळाळी शाईत येत नाही. छपाईची फाइल पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांच्या हिशेबात, करा, म्हणजे निराशा तरी घरच्या घरी होईल. भगव्यासाठी मॅजेंटा ५० ते ६०, यलो १००, आणि सायन-काळा शून्य, इथून सुरुवात करा. सायनचा थेंब पडला की रंग मळतो. गर्द निळा जांभळा होतो तो मॅजेंटा जास्त झाल्यामुळे.

बारीक काळा मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के. चारही शायांचा काळा केला आणि छपाईत प्लेट जरा सरकली की अक्षराला रंगीत सावली येते.

६. जेपीजी, पीएनजी, पीडीएफ: कधी काय?

फोटो जेपीजीमध्ये. पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल किंवा अक्षरांच्या कडा स्वच्छ हव्या असतील तर पीएनजी. छपाईला पीडीएफ. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करू नका, दर वेळी थोडं काहीतरी गळतं. मूळ फाइल लेअरसकट वेगळी जपायची.

७. मराठीसाठी फुकट आणि धंद्यात वापरता येईल असा चांगला फाँट सांगा.

मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बलू, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, गूगलचा नोटो, पुस्तकी वळणासाठी तिरो देवनागरी मराठी. हे सगळे मुक्त परवान्याखाली आहेत. पोस्टर, पाकीट, पुस्तक कशावरही वापरा, पैसे मागायला कोणी येणार नाही. फक्त फाँट सुटा विकता येत नाही. विंडोजमधला मंगल र. कृ. जोशींनी पडद्यासाठी केला. पडद्यावर तो अजून वाचनीय आहे, पत्रिकेवर मात्र सरकारी परिपत्रकासारखा दिसतो. त्यात त्याचा दोष नाही.

फाँट घेण्याआधी त्यात एवढं टाइप करून बघा: 'ऱ्हास, दऱ्या, ॲप, बाळ, वाङ्मय, उद्ध्वस्त, ब्रह्म, राष्ट्र'. यातलं एकही तुटलं तर तो फाँट परत.

आणि दोन सवयी. इंग्रजीत शोभतं म्हणून मराठी अक्षरांत अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरं होतात. ओळींतलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडल्या की वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण तो वाचणं सोडतो.

८. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलत्याच जागी जाते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. असं का?

'कि' लिहिताना संगणक आधी क साठवतो, मग ऱ्हस्व वेलांटी. आपल्याला ती क-च्या आधी दिसायला हवी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरमधलं अक्षर जुळवणारं यंत्र करतं. ते बंद असेल तर साठवलेल्या क्रमानेच अक्षरं पडतात.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली साउथ एशियनचा किंवा वर्ल्ड-रेडीचा पर्याय निवडावा लागतो. मग सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं. इलस्ट्रेटरमध्ये इंडिक पर्याय दाखवा अशी खूण असते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे हेच अक्षर जुळवणारं यंत्र, निवडायचा. गोम अशी की सेटिंग बदलण्याआधी लिहिलेला मजकूर आपोआप सुधारत नाही. तो निवडून त्यालाही कंपोजर लावा. मुलं सेटिंग बदलतात, जुनी ओळ तशीच बघतात आणि 'सर, काही फरक नाही' म्हणतात.

९. गिऱ्हाइकाने मराठी मजकूर पाठवला, पण माझ्याकडे नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. बिघडलंय का?

बिघडलेलं नाही, जुन्या पद्धतीचं आहे. युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपी, आकृती अशा संचांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तिथे इंग्रजीच लिहिलंय, वर मराठीचा मुखवटा आहे. तो फाँट तुमच्याकडे नसला की मुखवटा उतरतो.

दोन वाटा आहेत. नेमका तोच फाँट मागवा, किंवा कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. कन्व्हर्टर वापरलात तर रफार, 'ऱ्य' आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनी तपासा, घोळ तिथेच होतो. नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करा. जुन्या संचातला मजकूर शोधता येत नाही, संकेतस्थळावर चढवता येत नाही, आणि दहा वर्षांनी तुम्हालाच वाचता येणार नाही.

१०. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक कसा टाइप करायचा? ॲ कुठे असतो?

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गफलत झाली तर सत्काराचा नारळ स्वयंपाकघरात जाईल. रफारासाठी साधा र, हलन्त, मग य. अर्ध्या चंद्रासारख्या र-साठी नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग य. फोनच्या मराठी कीबोर्डवर र दाबून धरला की ऱ सहसा मिळतो.

ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या फाँटमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसेल. तेव्हा हिंदीतला ऍ टाकून वेळ मारून नेऊ नका, फाँट बदला. ल आणि श यांचंही तेच. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, आणि राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयात तसे आकार ठरवून दिले आहेत. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की हे आकार आपोआप येतात. हिंदीच राहिली असेल तर हिंदी वळण दिसतं.

११. अक्षरांना आउटलाइन दिली की शिरोरेषेत चिरा का दिसतात?

देवनागरीत एका अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर जराशी चढलेली असते, म्हणून ती सलग दिसते. आउटलाइन दिली की प्रत्येक अक्षराची कड वेगळी रंगते आणि जोड उघडे पडतात. अक्षरं अर्धपारदर्शक केली तरी जोडावर गडद डाग येतात. कोरलमध्ये अक्षरं कर्व्ह करून वेल्ड करा, म्हणजे एकसंध जोडा, इलस्ट्रेटर-इंकस्केपमध्ये युनियन. मग आउटलाइन द्या. पण वेल्ड केलेला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधी पुढचा प्रश्न वाचा.

१२. फ्लेक्सवाला म्हणतो 'कर्व्ह करून दे'. म्हणजे काय?

अक्षरांचं अक्षरपण काढून त्यांचं रेषांमध्ये रूपांतर करणं. त्याच्याकडे तुमचा फाँट नसला तरी आकार तसाच राहतो. नेहमी प्रत काढून ती कर्व्ह करा. मूळ फाइल शिल्लक नसेल आणि उद्या तारीख बदलली तर सगळं पुन्हा. कोरलची फाइल देत असाल तर त्याच्याकडची आवृत्ती विचारून जुन्या आवृत्तीत सेव्ह करा. त्यापेक्षा पीडीएफ बरी.

१३. दुकानात व्हिडिओ काढला की चित्रावर पट्टे फिरतात. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा आणि फ्रेम रेट २५. फोनचा नेहमीचा ३० फ्रेमचा वेग ६० हर्ट्झच्या देशांतून आलेला आहे. प्रो मोड नसेल तर खिडकीजवळ बसा, दिवा बंद. दिवसाच्या उजेडाला हर्ट्झ नसतात.

१४. चांगला माइक कोणता घेऊ?

आधी पंखा बंद करा. मग फ्रीजचं बटण. मग बोलणाऱ्याच्या तोंडापासून फोन वीतभर अंतरावर आणा. एवढं करूनही आवाज घुमत असेल तर खोली रिकामी आहे. दोरीवर दोन गोधड्या टाका किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला. माझ्या वर्गातल्या एकीने आजीच्या ओव्यांचं सगळं रेकॉर्डिंग असंच केलं, इअरफोनच्या माइकवर. ऐकणाऱ्यांना अजून वाटतं स्टुडिओ होता.

रेकॉर्ड करताना आवाजाची उंच टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. बारीक आवाज मागाहून वाढवता येतो. व्हिडिओसाठी सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. माइक खरंच घ्यायचा असेल तर हे सगळं झाल्यावर, कॉलरला लावायचा साधा घ्या.

१५. व्हिडिओच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी आवाज पुढे पळतो. काय करू?

फोन बॅटरी आणि उजेड बघून फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र वेग ठरलेला धरून चालतं. मिनिटा-दोन मिनिटांत फरक साठत जातो. एडिट करण्याआधी हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून क्लिप स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या. आवाज वेगळ्या यंत्रावर घेत असाल तर सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी वाजवा. दोन्ही टोकं जुळली की मधलं जुळतंच.

१६. एक्सपोर्ट करताना कोणते आकडे टाकायचे?

यूट्यूबसाठी एमपी४, एच.२६४, १९२० × १०८०, बिटरेट ८ मेगाबिट. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, मिनिटाला ६०. यावरून फाइल केवढी होणार ते आधीच कळतं. फोरके असेल तर ३५ ते ४५ मेगाबिट. मूळ शूटिंग १०८० चं असताना फोरके एक्सपोर्ट करून दर्जा वाढत नाही, नुसता रेंडरचा वेळ वाढतो.

१७. मराठी सबटायटलची फाइल चढवली, नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग एएनएसआय राहिलं असणार. त्यात मराठीला जागाच नाही, म्हणून अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह. यूटीएफ-८ निवडून सेव्ह करायला हवं होतं. प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलमधून मजकूर परत मिळत नाही. हे ९ पेक्षा वेगळं आहे, तिथे मजकूर शाबूत असतो.

१८. गाण्याचे १५ सेकंद वापरले तर कॉपीराइट लागत नाही ना?

लागतो. सेकंदांची अशी कोणतीही सूट १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही. टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, खासगी अभ्यास यांसाठी वापराची मुभा आहे, साडीच्या दुकानाच्या रीलसाठी नाही. 'गूगलवर मिळाला' हा फोटोचा परवाना नव्हे. विकिमीडिया कॉमन्सवरचे फोटो घ्या, पण प्रत्येकाखालची अट वाचा. कुठे छायाचित्रकाराचं नाव देणं पुरतं, कुठे बदल केलेलं कामही त्याच परवान्याने खुलं करावं लागतं. फोटोवरचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. त्याआधी ही ६० वर्षं प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजत.

आणि मंडळाच्या बॅनरवर शोभेसाठी अशोकस्तंभ टाकू नका. त्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे.

१९. लोगोचे पैसे दिले, म्हणजे लोगो माझा झाला ना? डिझायनर ओपन फाइल, म्हणजे दुरुस्त करता येणारी मूळ फाइल, देत नाही.

दोन्ही बाजूंनी हा प्रश्न येतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. लोगोसाठी मात्र तसं गृहीत धरू नका. हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणून 'कायमस्वरूपी, सर्व देशांसाठी' हे शब्द हवेतच. ओपन फाइल द्यायची की नाही आणि दुरुस्त्या किती वेळा, हे ॲडव्हान्स घेताना ठरवा. शिकणाऱ्यांना माझा सल्ला: लोगोची व्हेक्टर फाइल देऊन टाका. अडवून ठेवलेल्या फाइलीवर कोणाचं घर चाललेलं मी पाहिलं नाही.

२०. डिग्री करावी का? कुठे?

पैसे आणि चार वर्षं असतील तर करावी. उपयोजित कलेच्या बीएफएसाठी राज्याची सीईटी असते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाळेत जायला बारावीनंतर यूसीड, पदवीनंतर सीड ही प्रवेश परीक्षा. संकलन आणि ध्वनी खोलात शिकायचे तर पुण्याची एफटीआयआय आहेच. आयडीसीचं डी-सोर्स हे संकेतस्थळ फुकट आहे, घरी बसून चाळा. 'तीन महिन्यांत शंभर टक्के नोकरी' अशा जाहिरातींचे फ्लेक्स आम्हीच छापतो, तेव्हा जास्त बोलत नाही.

२१. छापून आल्यावर चूक सापडली. पैसे कोणी भरायचे?

प्रूफवर सही असेल तर गिऱ्हाइकाने, नसेल तर तुम्ही. हे मी भरून शिकलो. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेची फाइल उघडली, मजकूर बदलला, लग्नपत्रिका केली. सगळं बदललं, फक्त नवरदेवाच्या नावाआधीचं 'कै.' तसंच राहिलं. गठ्ठा घरी पोहोचल्यावर नवरदेवाच्या आत्याबाईंनी पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला उचलली आणि तिथेच खाली बसल्या. रात्रीत सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या, कागदासकट माझ्या खर्चाने.

तेव्हापासून नवीन काम कोऱ्या फाइलवर. प्रूफ कागदावर काढायचं, पडद्यावर दाखवायचं नाही. गिऱ्हाइकाने ते मोठ्याने वाचायचं, नाव, तारीख, वार, वेळ बोट ठेवून. वार कॅलेंडरवर बघायचा. मग खाली सही, आणि ते प्रूफ खिळ्याला. आमच्या दुकानातला तो खिळा वाकलाय, पण अजून काढलेला नाही.